वर्गखोलीतील पहिली कुंडी



खेड्यातील शाळेला झाडांची वाण नसते. बदलापूरच्या आसपासच्या एखाद्या गावात शाळेच्या ओसरीवर उभे राहून पाहिले, तर जांभूळ, आंबा, साग, करंज अशी झाडे दिसतात, आणि पावसाळ्यात बांधावरची हिरवळ वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते. मग अशा शाळेत, खोलीच्या आत, कुंडीत झाड लावण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

बांधावरचे झाड आपल्या बळावर वाढते. पाऊस त्याला पाणी देतो, जमीन त्याला अन्न देते, आणि मुलाने त्याच्याकडे पाहिले काय किंवा न पाहिले काय, त्याचे काही अडत नाही. कुंडीतील झाडाचे तसे नसते. त्याचे पाणी, त्याचा उजेड, त्याची माती हे सर्व माणसाच्या हाती असते. मुलाने आज जे केले, त्याचा परिणाम पुढल्या काही आठवड्यांत पानावर उमटतो. कारण आणि परिणाम ह्यांचा संबंध इतक्या थोड्या जागेत, इतक्या थोड्या खर्चात दाखविणारे दुसरे साधन प्राथमिक शाळेत क्वचितच सापडेल. मात्र त्याकरिता ते झाड जगले पाहिजे. ते मेले, तर धडा उलटाच शिकविला जातो.

पुढील प्रसंग कोणत्याही एका शाळेचा नव्हे. परंतु पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल. १५ ऑगस्टला पाहुण्यांच्या हस्ते शाळेला एक शोभेची कुंडी भेट मिळते. ती मोठ्या कौतुकाने वर्गातील कपाटावर ठेवली जाते. वर्गात तीस मुले असतात, आणि प्रत्येकाला तिला पाणी घालावयाचे असते. गणपतीच्या सुमारास खालची पाने पिवळी पडू लागतात. झाड तहानले असावे असे समजून पाणी वाढविले जाते. दिवाळीच्या सुट्टीनंतर कुंडीत उरतो तो एक मऊ, काळपट देठ. एखादे मूल हळूच म्हणते, “माझ्या हाताने झाड जगत नाही.” घरीही त्याने असेच काही ऐकलेले असते, एकाच्या हाताला गुण असतो, दुसऱ्याच्या नसतो, अशी समजूत आपल्याकडे जुनीच आहे. आठ वर्षांच्या मुलाने हे ओझे मनात घेऊन घरी जावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आणि वस्तुतः दोष त्याच्या हाताचा नसतो. जागा कशी आहे हे न पाहता झाड आणले गेले, आणि झाड कसे आहे हे न पाहता पाणी घातले गेले, एवढेच घडलेले असते.

म्हणून नवशिक्याने क्रम बदलावा. प्रथम जागा पाहावी, मग शाळेच्या सुट्ट्या पाहाव्या, आणि सर्वांत शेवटी झाड निवडावे.

जागा पाहणे म्हणजे मुख्यतः उजेड पाहणे. ‘घरातील झाड’ असा शब्द आपण वापरतो; परंतु घरात जन्मलेले झाड जगात कोठेही नाही. ज्यांना असे नाव मिळाले आहे, त्यांतील पुष्कळ झाडे मुळात दाट रानातील मोठ्या वृक्षांच्या सावलीत राहणारी आहेत. श्रावणात बारवी धरणाच्या आसपासच्या रानात गेले, तर वरच्या पानांच्या छपराखाली मंद उजेडातही रुंद पानांची झुडपे व नेचे जोमाने वाढताना दिसतात. सावलीत राहण्याची ही सवय ज्याच्या अंगी मुळातच आहे, तेच झाड खोलीत निभावते. गुलाब, झेंडू, तुळस ह्यांना ती सवय नाही. त्यांना खोलीत ठेवणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवणे होय, कारण उजेडावाचून पान अन्न तयार करू शकत नाही.

आता खोलीत उजेड किती आहे हे ठरवावयाचे कसे? येथे डोळ्यावर विसंबून चालत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर पुष्कळांनी पाहिले असेल. शिलाहारांच्या काळातील हे मंदिर. त्यातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० ह्या वर्षाचा उल्लेख आहे. दुपारच्या उन्हातून सभामंडपात पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. दोन-चार मिनिटांनी खांबांवरील नक्षी हळूहळू उमटू लागते. तेवढ्या वेळात मंडपातील उजेड वाढलेला नसतो. डोळ्यातील बाहुली मोठी झालेली असते आणि दृष्टी अंधाराला सरावलेली असते. झाडाच्या पानाला अशी बाहुली नाही. आपल्या डोळ्याला जी खोली चांगली उजळ वाटते, ती पानाच्या दृष्टीने काळोखी असू शकते. प्रकाश मोजण्याच्या ‘लक्स’ ह्या मापाने बोलावयाचे, तर भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लक्ष लक्स प्रकाश असतो. खिडकीलगत तो काही हजारांवर येतो. आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशेही भरला तरी पुष्कळ.

शाळेत मोजयंत्र नसले तरी बिघडत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, आकाश स्वच्छ असताना, कुंडी ठेवावयाच्या जागी एक पांढरा कागद पसरावा आणि त्याच्या वर सुमारे एक फुटावर हात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट, रेखीव दिसल्या तर उजेड भरपूर आहे. सावली दिसते पण कडा पुसट आहेत, तर उजेड मध्यम आहे. सावली मुळीच पडली नाही, तर ती जागा नवशिक्याने सोडून द्यावी. ही परीक्षा चौथीची मुले स्वतः करू शकतात. वर्गाचा नकाशा काढून त्यात भरपूर उजेडाच्या, मध्यम उजेडाच्या व काळोख्या जागा तीन रंगांनी भरल्या, तर भूगोलाचा एक तासही त्यातच साधतो.

ह्या परिसरात तीन शेजारगावांचा उजेड तीन प्रकारचा आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. उल्हासनगर हे नगर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या जागी वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव लाभले. पुढे वस्ती दाटत गेली. अरुंद गल्लीतील खोलीला पुष्कळदा दारातून येईल तेवढाच उजेड मिळतो. तेथे कुंडीची जागा दारापासून हातभर अंतरावर, ह्यापलीकडे नाही. अंबरनाथला कारखान्यांची वस्ती आणि वाहनांची वर्दळ. तेथे उजेड असला तरी पानांवर धुळीचा थर बसून तो अडतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने हलकेच पुसणे, हे तेथे पाण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते. बदलापूरच्या नव्या इमारतींच्या सज्ज्यांत ऊन थेट येते आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. तेथे सावलीची झाडे करपतात. आसपासच्या खेड्यांतील शाळांना बहुधा ओसरी असते. ओसरीची आतली कड, जेथे कडक ऊन पोहोचत नाही पण आकाश दिसते, ती कुंड्यांसाठी फार सोयीची जागा होय.

सूर्य वर्षभर एकाच बाजूने येत नाही, हेही मुलांना दाखवावे. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो. ह्या भागात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून डिसेंबरात जी खिडकी योग्य वाटली, ती जूनमध्ये पुन्हा तपासावी.

उजेडानंतर पाणी. कुंडीतील झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक अतिपाण्याने मरतात. ह्याचे कारण सोपे आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत हवा असते आणि मुळे त्या हवेवर जगतात. पाणी सतत साचून राहिले की ह्या पोकळ्या भरून जातात, मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. मग भरपूर ओल्या मातीतही पाने मलूल होतात. पाहणाऱ्याला ती तहान वाटते आणि तो आणखी पाणी घालतो. वर सांगितलेल्या प्रसंगात हेच घडले होते. त्यातून कोकणचा पावसाळा! जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की मातीतील पाणी उडून जाण्यास फार वेळ लागतो. नेमके ह्याच दिवसांत शाळा नव्याने भरलेली असते आणि मुलांचा उत्साह ओसंडत असतो.

ह्यावर उपाय म्हणजे बोट. मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसावे. बोटाला ओल लागली तर पाणी देऊ नये. माती कोरडी लागली तरच द्यावे, आणि देताना कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे. ज्या कुंडीला तळाशी भोक नाही ती कुंडी नव्हे, ते केवळ भांडे समजावे. माती म्हणून नुसती शेतातील चिकण माती भरू नये. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा, असे मिश्रण केले की पाणी झरझर निथळते.

वर्गात ह्याची व्यवस्था अशी लावता येईल. दर आठवड्याला एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे कुंडीची देखरेख द्यावी. त्याचे पहिले काम पाणी घालण्याचे नसून माती तपासण्याचे असावे. एका वहीत रोजची नोंद ठेवावी: तारीख, माती ओली की कोरडी, पाणी दिले की नाही. ‘आज पाणी दिले नाही’ ही नोंददेखील कामाचीच नोंद होय, हे शिक्षकाने मुद्दाम सांगावे. आधी पाहावे, मग करावे, आणि जरूर नसल्यास हात आवरावा, ही शिस्त मुलाला ह्यातून लागते. ती गणितात उपयोगी पडते आणि पुढे संसारातही.

आता झाडांची निवड. नवशिक्यासाठी पाच झाडे पुरेत.

पहिले, रोपवाटिकेत ज्याला ‘स्नेक प्लँट’ म्हणतात ते. पश्चिम आफ्रिकेतील हे झाड तलवारीसारख्या उभ्या, जाड पानांचे असते. पानांत आणि जमिनीखालील खोडात ते पाणी साठवून ठेवते. मध्यम उजेडात ते सुखाने राहते आणि कमी उजेडातही दीर्घकाळ तग धरते. पावसाळ्यात तर पंधरा-वीस दिवसांत एकदा पाणी पुरते. त्याचा शत्रू एकच, तो म्हणजे साचलेले पाणी.

दुसरे, मनी प्लँट. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोरेआ ह्या बेटावरची. तिच्या नावावर धनलाभाची समजूत चिकटली आहे. तिच्याशी शाळेला कर्तव्य नाही. परंतु नवशिक्याला उमेद देणारी वेल दुसरी नाही. तिच्या प्रत्येक पेरापाशी मुळाचा कोंब असतो. पेराच्या खाली कापलेला तुकडा ओल्या मातीत खोचला की काही आठवड्यांत मूळ धरतो. नुसते पान, पेरावाचून, पाण्यात ठेवले तर ते पुष्कळ दिवस हिरवे राहील, पण त्याची वेल होणार नाही. हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी करून दाखवावेत.

तिसरे, स्पायडर प्लँट. मूळ दक्षिण आफ्रिकेचे, पट्ट्यापट्ट्यांच्या गवतासारख्या पानांचे हे झाड परके वाटते. पण ठाणे जिल्ह्यातील मुलांना त्याचे एक भावंड चांगले ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर रानातून जी फोडशी किंवा कुलू नावाची भाजी येते, ती ह्याच वंशातली. त्याच वंशातील सफेद मुसळीच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी बोरिवलीवरून नाव दिले आहे. फोडशी खातात म्हणून स्पायडर प्लँटची पाने खावयाची, असे मात्र नव्हे. ह्या झाडाच्या लांब दांड्यांच्या टोकाला लहान रोपे लोंबतात. ती मातीला टेकविली की रुजतात.

चौथे कोरफड आणि पाचवी पानफुटी. ही दोन्ही घरोघरच्या परिचयाची. ह्यांना भरपूर उजेड लागतो, म्हणून ह्यांची जागा खिडकीत किंवा ओसरीच्या कडेला. पानफुटीचे जाड पान ओल्या मातीवर आडवे ठेवले की त्याच्या कडेच्या खाचांतून चिमुकली रोपे फुटतात. एका पानापासून अनेक झाडे होताना पाहिल्यावर मुलांना जो आनंद होतो, तो शब्दांनी सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की पानफुटी गुरांना विषारी असते. कुंडी शेळ्या-गुरांच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी.

ही पाचही झाडे विकत घेण्याची गरज क्वचितच पडते. गावात कोणाच्या तरी दारी ती असतात, आणि एक फांदी वा एक पान मागितले तर नाही कोणी म्हणत नाही. मूल ज्या घरातून फांदी आणते, त्या घराचा आणि शाळेचाही त्यामुळे संबंध जुळतो. तारा मोडक ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ पासून अनुताई वाघ ह्यांच्यासह ते कोसबाडला चालविले. तेव्हा ही दोन्ही गावे ठाणे जिल्ह्यातच होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. परिसरात जे मिळते तेच शिक्षणाचे साहित्य, पाने, बिया, खडे, शिंपले, हा त्या कामाचा एक आधार होता. कुंडीतील झाडही त्याच दृष्टीने पाहावे.

काही गोष्टी टाळाव्यात. रोपवाटिकेत डिफेनबेकिया नावाचे, पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचे झाड हमखास मिळते. सावलीत ते उत्तम वाढते. परंतु लहान मुलांच्या वर्गात ते आणू नये. ते अळू-सुरणाच्या कुळातील आहे. शेवळाची भाजी करताना काकडाची फळे किंवा चिंच घातली नाही तर घसा खाजतो, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. त्या खाजेचे कारण पानातील सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक होत. डिफेनबेकियाचे पान चावले तर तोंड व जीभ सुजते आणि गिळणेही कठीण होते. मनी प्लँटही ह्याच कुळातली. म्हणून ती मुलांच्या हाताला सहज लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी, कापल्यावर हात धुवावेत, आणि ‘वर्गातील कोणतेही पान तोंडात घालावयाचे नाही’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. कण्हेर आणि शेर ही झाडे शोभेसाठीसुद्धा वर्गाजवळ नकोत.

दुसरी सावधगिरी डासांची. बाटलीत मनी प्लँट लावण्याची हौस पुष्कळांना असते, आणि कुंडीखालच्या बशीतही पाणी साचते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून बाटलीतील व बशीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून द्यावे. नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून भांडे आतून घासावे. पावसाळ्यात बशी काढून टाकली तर आणखी उत्तम.

तिसरी सावधगिरी खोट्या गुणगानाची. अमुक झाड रात्री प्राणवायू सोडते, असे आजकाल छातीठोकपणे सांगितले जाते आणि त्यात स्नेक प्लँटचे नाव हटकून येते. ह्यात सत्याचा अंश इतकाच की स्नेक प्लँट, कोरफड, पानफुटी अशी काही झाडे आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. दिवसा उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून रात्री कर्बवायू आत घेऊन ती तो आम्लाच्या रूपाने साठवितात. परंतु प्राणवायू तयार होतो तो पाण्याचे विघटन झाल्यावर, आणि त्याला उजेड लागतो. अंधारात कोणतेही हिरवे झाड प्राणवायू निर्माण करीत नाही. शिक्षकाने तरी ही चूक फळ्यावर लिहू नये.

झाडे खोलीतील दूषित हवा शुद्ध करतात, हीही तशीच समजूत. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेच्या एका अहवालात बंद पेटीत झाडे ठेवून केलेले प्रयोग नोंदले होते. त्यांवरून घराघरांतील हवेबद्दल निष्कर्ष काढले गेले. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यावरून असे दिसते की इमारतीत बाहेरच्या हवेची जी अदलाबदल एरवी होतच असते, तिची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद वर्ग सुमारे ३७ चौरस मीटरांचा असतो. म्हणजे कमीत कमी ३७० कुंड्या. मग मुले बसणार कोठे? औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेत वर्गात उग्र वास आला, तर कुंडीकडे बोट दाखवून समाधान मानू नये. वासाची वेळ व तारीख लिहून ठेवून ग्रामपंचायतीकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करणे, हाच त्यावरचा मार्ग होय. झाडाच्या माथी असे काम मारले, तर खरे काम करावयाचे राहून जाते.

आता शेवटची, आणि शाळेच्या दृष्टीने सर्वांत अवघड कसोटी: मे महिन्याची सुट्टी. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे सहा आठवडे शाळा बंद असते, आणि वर्षातील सर्वांत कडक ऊन तेव्हाच पडते. ह्या सहा आठवड्यांत जे झाड मरणार, ते शाळेने मुळात आणूच नये. स्नेक प्लँट आणि कोरफड ही, सुट्टीच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन सावलीच्या ओसरीत ठेवली, तर बहुधा निभावून नेतात. मनी प्लँटसाठी वातीची युक्ती करावी. जुन्या सुती कापडाची जाड वात वळून तिचे एक टोक पाण्याच्या बादलीत आणि दुसरे कुंडीच्या मातीत खोचावे. बादली कुंडीपेक्षा किंचित उंच ठेवून तिचे तोंड कापडाने घट्ट बांधावे, म्हणजे डासांना वाव राहणार नाही. बादली किती दिवस पुरते, हे एप्रिलमध्येच मुलांकडून मोजून घ्यावे. ती सहा आठवडे पुरणार नाही, तेव्हा अधूनमधून भरण्याचे काम शाळेशेजारच्या एखाद्या घराकडे सोपवावे.

ह्याहून नवलाची एक युक्ती आहे. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड ह्यांनी १८२९ च्या सुमारास एका झाकणाच्या बाटलीत, ओल्या मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाऐवजी त्या मातीत एक नेचा व थोडे गवत उगवले. मातीतील पाणी वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. त्यावर ती रोपे सुमारे चार वर्षे जगली. पुढे अशाच काचपेट्यांतून रोपे जहाजांवरून दूरदूरच्या खंडांत जाऊ लागली. मोठ्या काचेच्या बरणीत ओल्या मातीसह रानातील एखादा लहान नेचा लावून, झाकण घट्ट बसवून, ऊन न लागणाऱ्या उजेडाच्या जागी ठेवला, तर हाच प्रयोग शाळेत होतो. जलचक्राचा पाठ त्या बरणीत आपोआप वाचता येतो.

परंतु सुट्टीचा सर्वांत चांगला उपाय युक्तीचा नाही, विश्वासाचा आहे. वर्षभरात एका मनी प्लँटच्या पेरांपासून, एका पानफुटीच्या पानापासून, स्पायडर प्लँटच्या लोंबत्या रोपांपासून वर्गात तीसही रोपे सहज तयार होतात. एप्रिलअखेर प्रत्येक मुलाच्या हाती एकेक रोप द्यावे. कुंडी नसेल तर तळाला भोक पाडलेला डबा चालेल. त्याबरोबर एक कागद द्यावा आणि त्यावर तोच तक्ता असावा: तारीख, माती ओली की कोरडी, पाणी दिले की नाही. सोबत तीन वाक्ये मुलाने स्वतः लिहावीत: रोप कोठे ठेवीन, केव्हा पाणी देईन, केव्हा देणार नाही.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा सर्वच रोपे परत येणार नाहीत. काही सुकतील, काही कोंबडीने टोकरलेली असतील, एखादे रोप लग्नघराच्या गर्दीत पायाखाली आलेले असेल. ज्याचे रोप गेले त्या मुलाला रागावू नये आणि हसूही नये. त्याचा कागद उघडून त्याच्याबरोबर वाचावा. डबा उन्हात होता काय? भोक बुजले होते काय? रोज पाणी घातले होते काय? कारण सापडले की दोष हाताचा नव्हता हे मुलाला आपोआप कळते. मग वर्गातील जुन्या वेलीचे एक पेर कापून त्याच्या हाती द्यावे आणि तक्त्याचा नवा कागद त्याच्यापुढे ठेवावा.